मेंदूचा शीतोपचार : एका आशेचा निकाल

डोक्याला जबर मार लागून बेशुद्धावस्थेत इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाच्या शरीराचे तापमान हेतुपुरस्सर तीन-चार अंशांनी उतरवावे, दोन-तीन दिवस ते तसेच खाली राखावे आणि मग अत्यंत सावकाशीने, तासाला पाव अंश अशा बेताने, पूर्ववत करावे, म्हणजे आघाताच्या क्षणी मेंदूचा जो भाग बचावला असेल तो तरी पुढच्या नाशातून सुटेल, ही कल्पना इतकी युक्तिसंगत आहे की ती ऐकणाऱ्याला आणखी पुरावा मागण्याची गरजच भासू नये. शरीरशास्त्र तिच्या बाजूने साक्ष देते, प्राण्यांवरील प्रयोगही देतात, आणि अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे आपले माणूस निश्चेष्ट पडलेले पाहणाऱ्या नातेवाइकाचे मन तर कोणत्याही साक्षीपुराव्याविना तिच्याकडे झुकलेले असते. असे असूनही, गेल्या पाव शतकात हजाराहून अधिक जखमी माणसांवर काटेकोर तुलनात्मक पद्धतीने तिची परीक्षा घेतली गेली तेव्हा निकाल प्रतिकूल लागला. थंड केलेले रुग्ण न थंड केलेल्या रुग्णांहून अधिक संख्येने बरे झाले नाहीत. एका मोठ्या परीक्षेत तर त्यांची गत अधिक वाईट झाली. या निकालाकडे वैद्यकाचा पराभव म्हणून पाहण्याची जी प्रवृत्ती आढळते ती मला सर्वस्वी अयोग्य वाटते. हा निकाल लावून घेण्याचे धैर्य वैद्यकाने दाखवले ही मोठी कमाई आहे, आणि तिच्यातून आपण भारतीयांनी जे घ्यायला हवे ते अद्याप घेतलेले नाही, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम ही कल्पना एवढी बलवत्तर का, ते पाहिले पाहिजे. मेंदू वजनाने शरीराच्या अवघा २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्च करतो, आणि साठवणीची कसलीच तजवीज त्याच्यापाशी नसल्यामुळे रक्ताचा पुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी त्याच्या पेशी मरू लागतात. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाचे डोके रस्त्याच्या दुभाजकावर आपटते तेव्हा होणारी इजा क्षणाची असते आणि ती कोणत्याही वैद्याला परत फिरवता येत नाही; परंतु प्रकरण तेवढ्यावर मिटत नाही. पुढे कित्येक तास, कित्येक दिवस, चेचलेल्या भागाभोवती सूज चढत जाते, फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपलेल्या रक्ताची गाठ वाढते, मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेली रसायने शेजारच्या धडधाकट पेशींना अतिउत्तेजित करून त्यांचाही घात करतात, आणि हे सारे ज्या कवटीत घडते ती प्रौढ माणसात तसूभरही ताणली जात नसल्यामुळे आतला दाब वाढू लागतो. निरोगी माणसात हा दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरांच्या आत असतो. तो २२ च्या वर जाऊन टिकून राहिला तर मेंदूत रक्त शिरणेच दुरापास्त होते, आणि मग रक्त कमी म्हणून इजा अधिक, इजा अधिक म्हणून सूज अधिक, सूज अधिक म्हणून रक्त आणखी कमी, असे चक्र सुरू होते. वैद्यकात ज्याला दुय्यम इजा म्हणतात ती हीच, आणि मेंदूशल्यविशारदाची सारी लढाई या दुय्यम इजेशी असते.

आता शरीराचे तापमान एक अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते, ही गोष्ट १९५० च्या दशकात ह्यूबर्ट रोझोमॉफ यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिली. तेल सरत आले की कंदिलाची वात खाली करावी, उजेड मंदावला तरी ज्योत विझत नाही, तसाच हा विचार. त्याला निसर्गानेही वेळोवेळी पुष्टी दिली आहे. १९९९ मध्ये नॉर्वेत गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली अडकलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीच्या शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, हृदय थांबले होते, आणि तरीही तिला वाचवता आले. पुढे ती आपल्या कामावर रुजू झाली. अशा घटनेची हकीगत ऐकल्यावर थंडीच्या रक्षणशक्तीविषयी शंका घेणे कोणालाही कठीणच जावे.

या उपचाराचा आधुनिक इतिहास फिलाडेल्फियातील टेम्पल फे या मेंदूशल्यविशारदापासून सुरू होतो. १९३८ मध्ये त्यांनी असाध्य कर्करोगाच्या रुग्णांना बर्फाने थंड करून पाहिले, आणि पुढे हाच उपाय डोक्याला मार लागलेल्यांवरही योजला. त्या काळी माणसाचे तापमान काही अंशांनीही खाली गेले तर तो दगावतो अशीच सार्वत्रिक समजूत होती. साधे ज्वरमापकही तितक्या खालचा अंक दाखवीत नसे. रुग्णाच्या अंगावर बर्फ रचायचा, खिडक्या उघड्या टाकून खोली गार ठेवायची, आणि पुढे रबरी नळ्यांच्या वेटोळ्यांतून थंड द्रव खेळवणारी पांघरुणे बनवून घ्यायची, अशी त्यांची धडपड होती. हे काम मार्गी लागत असतानाच त्याच्यावर एक काळी सावली पडली. १९४२-४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून त्यांच्या मरणाची टिपणे घेतली, आणि युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे डॉक्टरांवर चाललेल्या खटल्यात ते सारे दप्तर जगापुढे आले. माणसाला थंड करण्याच्या कल्पनेलाच त्या क्रौर्याचा डाग लागला. शास्त्र म्हणजे काय आणि शास्त्राचा वेष घेतलेला अत्याचार म्हणजे काय, यांतील भेद रुग्णाच्या संमतीपाशी आणि त्याच्या हितापाशी असतो, याचे विस्मरण या विषयावर लिहिणाऱ्याला कधीही होता कामा नये.

१९५० मध्ये टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी हृदयशस्त्रक्रियेसाठी शरीर थंड करण्याचा मार्ग दाखवला, आणि तेथे तो उपाय पक्का रुजला. डोक्याच्या दुखापतीत मात्र त्या काळचे डॉक्टर रुग्णाला ३० अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली नेत. परिणामी हृदयाचे ठोके बिघडत, न्युमोनिया होई, रक्त गोठेनासे होई, आणि साठीच्या दशकानंतर हा उपचार हळूहळू मागे पडला. त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आली ती १९८७ मध्ये मायामी येथील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगामुळे. तापमान फार नव्हे, दोन-तीन अंशांनी उतरवले तरी मेंदूच्या पेशींचा मोठा बचाव होतो, असे त्यांना दिसले. खोल थंडीचे दुष्परिणाम टाळून सौम्य थंडीचा लाभ घेता येईल, ही आशा त्यातून जागी झाली. आणि ती मुळीच गैरवाजवी नव्हती.

१९९७ मध्ये पिट्सबर्ग येथे ८२ रुग्णांवर झालेल्या तुलनेत, थंड केलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण वर्षाअखेरीस बऱ्या स्थितीत होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. एवढे अंतर पाहून जगभरच्या अतिदक्षता विभागांत शीतोपचाराला मान्यता मिळू लागली असल्यास नवल नाही. पण ८२ ही संख्या लहान, इस्पितळ एकच, आणि लाभही बेशुद्धी अगदी पराकोटीची नसलेल्या रुग्णांपुरताच. म्हणून गाय क्लिफ्टन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील अनेक इस्पितळांनी मिळून ३९२ रुग्णांवर तीच परीक्षा घेतली. ३३ अंश, ४८ तास. २००१ मध्ये निकाल जाहीर झाला: वाईट परिणामाचे प्रमाण दोन्ही गटांत ५७ टक्के, मृत्यू एका गटात २८ टक्के, दुसऱ्यात २७ टक्के.

येथे क्लिफ्टन यांच्या वर्तनाचा विशेष उल्लेख करावासा वाटतो. आशा सहजासहजी सुटत नाही, तशी ती त्यांचीही सुटली नव्हती. आकडे बारकाईने चाळताना त्यांना असे दिसले की, ४५ वर्षांपर्यंतचे जे रुग्ण इस्पितळात येतानाच थंड पडलेले होते आणि ज्यांना तसेच थंड ठेवले गेले, त्यांना काही लाभ झालेला असावा. एखाद्याने एवढ्या धाग्यावर उपचार चालू ठेवण्याची मुभा मागितली असती. क्लिफ्टन यांनी त्या धाग्याचीच स्वतंत्र परीक्षा मांडली, ती निष्फळ ठरत असल्याचे दिसताच २००९ मध्ये मध्येच थांबवली, आणि २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध केला: लाभ नाही. त्या परीक्षेतूनही एक नवा धागा निघाला, की ज्यांच्या डोक्यातली रक्ताची गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागते त्यांना कदाचित उपयोग होईल. त्याचीही परीक्षा अमेरिका व जपान या देशांत मिळून झाली, आणि तीही मध्येच थांबवावी लागली. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कल्पनेत गुंतवली तिच्याच विरुद्ध जाणारे आकडे स्वतःच्या सहीने छापायचे, याला लागणारा मनाचा सच्चेपणा मला शस्त्रवैद्याच्या हस्तकौशल्याइतकाच मोलाचा वाटतो.

तथापि, या साऱ्या मालिकेत मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटते ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली यूरोथर्म ही परीक्षा. एडिंबरोच्या पीटर अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली १८ देशांतील ४७ केंद्रांनी ३८७ रुग्ण तिच्यात घेतले. क्लिफ्टन यांच्यासारखे सरसकट सर्वांना थंड न करता, कवटीतला दाब २० च्या वर गेलेला आहे आणि नेहमीच्या पहिल्या उपायांनी तो उतरत नाही, अशाच रुग्णांची येथे निवड होती. म्हणजे ज्यांना या उपचाराची तर्कतः सर्वाधिक गरज, तेच. त्यांना ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान ठेवण्यात आले, आणि दाब खरोखरच आटोक्यात आला. बार्बिट्युरेटसारखी जालीम औषधे किंवा कवटीचा तुकडा काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया हे जे अखेरचे उपाय, त्यांची गरज थंड न केलेल्या गटात ५४ टक्के रुग्णांना लागली, थंड केलेल्या गटात ४४ टक्क्यांनाच. पलंगाशेजारच्या पडद्यावरचा आकडा पाहणाऱ्या डॉक्टरला, परिचारिकेला आणि नातेवाइकाला उपचार लागू पडत असल्याचीच खूण पटत राहिली असणार. परंतु सहा महिन्यांनी, कोण स्वतःचे स्वतः करू शकतो आणि कोण नाही याची मोजदाद झाली तेव्हा, समाधानकारक स्थितीत असलेले रुग्ण थंड केलेल्या गटात २६ टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात ३७ टक्के. अपाय होत असल्याची चिन्हे दिसू लागताच परीक्षा मुदतीपूर्वीच बंद करण्यात आली होती.

दाब उतरला आणि माणूस बिघडला, या एका गोष्टीपाशी वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. आपण सारेच, डॉक्टर असोत वा रुग्णाचे आप्त, जे मोजता येते त्यावर जीव टांगून बसतो. साखर किती, बीपी किती, ऑक्सिजन किती, असे दर तासाला सिस्टरला विचारणारा भाऊ आणि त्याला उत्तर देणारी सिस्टर, दोघेही त्या आकड्यातच रुग्णाचे भवितव्य वाचत असतात. पण ज्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो, तो माणूस पुन्हा घरच्यांना ओळखेल का, स्वतःच्या हाताने जेवेल का, हा प्रश्न सहा महिन्यांनी घरी गेल्यावरच सुटतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही.

हे असे का व्हावे, याचा उलगडा शीतोपचाराच्या प्रत्यक्ष तपशिलात शिरल्यावर थोडाफार होतो. माणसाचे शरीर थंडी निमूटपणे स्वीकारत नाही. थंड पाण्याची गादी अंगाखाली आली, तापमान ३५ च्या खाली सरकू लागले की प्रथम जबड्याच्या आणि मानेच्या स्नायूंत बोटाला जेमतेम जाणवेल असा कंप उठतो. परिचारिका गालाशी हात लावून तो तपासते. मग तो छातीत उतरतो, दंडांत उतरतो, आणि अखेर सारा देह हुडहुडू लागतो. या हुडहुडीत शरीराचा प्राणवायूचा खर्च दुपटीपर्यंत वाढू शकतो, म्हणजे जी काटकसर करण्यासाठी थंडी आणली तिचाच अव्हेर होतो. ही हुडहुडी थांबवण्यासाठी हातापायांत मोजे घालतात, त्वचेवर कोमट हवा सोडतात, मॅग्नेशियम देतात, गुंगीच्या औषधांची मात्रा वाढवतात, आणि तरीही भागले नाही तर स्नायू शिथिल करणारी औषधे देऊन देह पूर्ण निश्चल करतात. थंड शरीरात हीच औषधे सावकाश निचरतात, त्यामुळे बेशुद्धी इजेची की औषधांची हे कळेनासे होते; रक्तदाब घसरतो; रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, आणि तीही नेमकी अशा माणसात ज्याच्या डोक्यात रक्तस्राव होण्याचे भय आहे; पोटॅशियम खालीवर होते; जंतूंशी लढण्याची शक्ती घटते. आणि अखेर गरम करण्याची वेळ येते तेव्हा घाई झाली तर दबलेली सूज उसळून पुन्हा वर येते. एका हाताने दिलेले अनेक हातांनी काढून घेतले जाते, असा हा जमाखर्च आहे.

यूरोथर्मवर आक्षेप असा घेतला गेला की, थंडी फार उशिरा दिली. तो आक्षेपही विचारात घेतला गेला. मेलबर्नच्या जेमी कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलर या परीक्षेत शक्य तेथे रुग्णवाहिकेतच थंडीला प्रारंभ केला, आणि ती किमान तीन दिवस, गरज पडल्यास आठवडाभर टिकवली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, सौदी अरेबिया व कतार येथील ५११ रुग्ण, आणि २०१८ मधला निकाल: सहा महिन्यांनी समाधानकारक स्थिती एका गटात ४८.८ टक्के, दुसऱ्यात ४९.१ टक्के. मुलांच्या बाबतीत तर त्याआधीच धोक्याची सूचना मिळाली होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२५ मुलांच्या परीक्षेत थंड केलेल्यांपैकी २१ टक्के दगावली, दुसऱ्या गटातील १२ टक्के. संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला हा फरक किंचित कमी पडला, पण आईबापांना तो कमी वाटणार नाही.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांच्या मेंदूसाठीही असाच प्रवास झाला. २००२ मधल्या दोन परीक्षांनी थंडीचा लाभ दाखवला, जगभर ती नियमच झाली, आणि २०२१ मध्ये सुमारे १९०० रुग्णांच्या परीक्षेत ३३ अंशांवर ठेवलेल्यांत सहा महिन्यांत ५० टक्के मृत्यू आणि केवळ ताप येऊ न दिलेल्यांत ४८ टक्के, असा निकाल लागला. या विषयात मी अधिक शिरत नाही. एवढेच नोंदवतो की दोन्हीकडून हाती उरलेली गोष्ट एकच आहे. इजा झालेल्या मेंदूला ताप सोसत नाही, तो दक्षतेने टाळला पाहिजे. आणि ज्या रुग्णात दाब कशानेही उतरत नाही तेथे अनुभवी डॉक्टराने अखेरच्या उपायांपैकी एक म्हणून थंडीचा विचार करावा की नाही, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

आता मी माझ्या विषयाच्या ज्या भागाकडे वळतो तो आपल्या घरचा आहे. जन्मताना गुदमरलेल्या अर्भकांच्या बाबतीत शीतोपचार ही एकविसाव्या शतकातील वैद्यकाची खरीखुरी यशोगाथा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील टोबी या परीक्षेत, ३२५ बाळांपैकी थंड केलेल्यांत ४४ टक्के बाळे जगली आणि त्यांच्या मज्जासंस्थेत दोषही राहिला नाही. इतरांत हे प्रमाण २८ टक्के. श्रीमंत देशांत मग हा उपचार सर्वमान्य झाला, आणि जे तिकडे सिद्ध झाले ते इकडे आणावे एवढाच प्रश्न उरला, असे अनेकांना वाटले. सुदैवाने काही जणांना तसे वाटले नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील सुधीन थय्यिल यांच्या पुढाकाराने भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात इस्पितळांत, आणि त्यांत मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही होते, २०१५ ते २०१९ या काळात ४०८ बाळांवर हेलिक्स ही परीक्षा झाली. यंत्र उत्तम होते, तापमान ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास राखले गेले. २०२१ मध्ये निकाल आला: थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न थंड केलेल्यांपैकी ३१ टक्के.

हा आकडा वाचून मन विषण्ण होते. पण तो हाती आला नसता तर काय झाले असते, याचा विचार केल्यास अधिकच विषण्ण व्हावे लागेल. आपल्याकडच्या गर्भिणींचे पोषण, त्यांच्या ठायी असलेला जंतुसंसर्ग, प्रसूतीपूर्वीच कित्येक दिवस बाळाला हळूहळू कमी पडत गेलेला प्राणवायू, जन्मल्यावर मोठ्या इस्पितळात पोहोचण्यास लागलेला विलंब, यांपैकी कशाकशामुळे हा फरक पडला असावा याबद्दल संशोधकांचे कयास आहेत. काही भारतीय बालरोगतज्ज्ञांना तो निकाल आपल्या अनुभवाशी जुळत नाही असेही वाटते, आणि त्यांचे म्हणणे आणखी परीक्षांनी पडताळण्याजोगे आहे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या माणसांना उपचार द्यायचा त्यांच्यावरच त्याची परीक्षा झाली पाहिजे. ब्रिटनमधल्या बाळाचा दाखला शीवच्या बाळाला लावून चालत नाही. बाळांच्या बाबतीत जे खरे तेच वरळी, भिवंडी किंवा सातारा रस्त्यावर डोके फुटलेल्या माणसाच्या बाबतीत खरे आहे. तो तासभर रस्त्यावर पडून राहिलेला असतो, एका इस्पितळातून दुसऱ्यात पाठवलेला असतो, आणि वाटेत त्याचा श्वास कोणी पाहिलेला असतोच असे नाही. मेलबर्नच्या रुग्णाशी त्याची तुलना कशी व्हावी?

आपल्याकडे अशा परीक्षांविषयी एक घट्ट पूर्वग्रह आहे. आपल्या माणसावर प्रयोग केला, हे वाक्य आपण आरोप म्हणूनच उच्चारतो. जेथे संमतीविना, माहितीविना गरिबांवर औषधे आजमावली जातात तेथे तो आरोप न्याय्यच आहे, आणि त्यासाठीच २००९ पासून प्रत्येक परीक्षेची आगाऊ जाहीर नोंदणी सक्तीची झाली व २०१९ मध्ये नवे नियम आले. परंतु परीक्षा न होता रूढीने चालत आलेला उपचार हाही एक प्रयोगच असतो. फरक एवढाच की त्याचे निष्पन्न कोणी लिहून ठेवत नाही. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड देण्याची प्रथा घ्या. सूज उतरते म्हणून ती औषधे जगभर दशकानुदशके बिनदिक्कत दिली गेली. २००४ मध्ये क्रॅश या परीक्षेने ४९ देशांतील १०,००८ रुग्ण तपासले, आणि दोन आठवड्यांत दगावलेले स्टेरॉइड घेणाऱ्यांत २१.१ टक्के, न घेणाऱ्यांत १७.९ टक्के निघाले. दर शंभरात तीन माणसे. आणि इतकी वर्षे ती कोणाच्या ध्यानातही आली नव्हती, कारण कोणताही एकटा डॉक्टर आपल्या आयुष्यात एवढा फरक डोळ्यांनी पाहू शकत नाही. त्याच संशोधकांच्या पुढच्या परीक्षेत, २०१९ मध्ये, ट्रानेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने, ते पहिल्या तीन तासांत दिल्यास, सौम्य व मध्यम दुखापतीत मृत्यू कमी होतात असे दिसले. अतितीव्र दुखापतीत तसे दिसले नाही. अशा मोठ्या परीक्षांत भारतीय इस्पितळे सहभागी होतात ही अभिमानाची बाब आहे. पण प्रश्न मांडणारे, पैसा उभारणारे आणि निकालाचा अर्थ लावणारे आपण असावे, ही अपेक्षा अजून पुरी व्हायची आहे.

आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्र काढणारा बाप डॉक्टरांना म्हणतो, "साहेब, काही नवीन मशीन असेल तर लावा, पैशाकडे बघू नका." तो जमीन गहाण टाकायला तयार असतो. त्याला उत्तर देणाऱ्याने हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की थंड करणाऱ्या यंत्राने त्याच्या मुलाची जगण्याची शक्यता वाढत असल्याचा पुरावा नाही, सरसकट थंड करू नये असाच मार्गदर्शक तत्त्वांचा कौल आहे, आणि ज्या गोष्टींनी ती वाढते त्या दिसायला साध्या आहेत: श्वासनलिका मोकळी राखणे, प्राणवायू कमी न पडू देणे, रक्तदाब एकदाही घसरू न देणे, वेळीच सीटी स्कॅन, वेळीच शस्त्रक्रिया, ताप आल्यास तो तत्परतेने उतरवणे, उशाकडची बाजू थोडी उंच ठेवणे. वरच्या रक्तदाबाचा आकडा ९० च्या खाली एकदा जरी गेला तरी मृत्यूचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, हे गेली तीस वर्षे ठाऊक आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शंभराहून अधिक रुग्णवाहिका संस्थांच्या कर्मचाऱ्यांना नेमक्या एवढ्याच गोष्टी शिकवल्या गेल्या, की प्राणवायू कमी पडू देऊ नका, रक्तदाब घसरू देऊ नका, फुगा दाबून श्वास देताना घाई करू नका. आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबात तीव्र दुखापतीच्या रुग्णांची जगण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढलेली आढळली. डोक्याच्या दुखापतीवरील शीतोपचाराच्या कोणत्याही मोठ्या परीक्षेने याच्या जवळपास जाणारे फळ दिलेले नाही.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक. सरकारच्याच अहवालानुसार त्या वर्षी हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ जीव गेले. पुण्यासारख्या सुशिक्षित शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात याचे मला मनस्वी दुःख होते, कारण मेंदूच्या दुय्यम इजेवर सारे जग पाऊण शतक उपाय शोधत असताना पहिली इजाच टाळणारे साधन दुकानात टांगलेले आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, तिच्यात डॉक्टर असतो. जखमीला इस्पितळात पोचवणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये असा बंदोबस्त सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केला आणि २०१९ मध्ये तो मोटार वाहन कायद्यात दाखल झाला. म्हणजे पाया घातलेला आहे. आता शासनाच्या आरोग्य खात्याने तूर्त दोन गोष्टी कराव्यात. १०८ च्या प्रत्येक डॉक्टराला ॲरिझोनाच्या धर्तीचे प्रशिक्षण द्यावे आणि डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाचा वाटेतला प्राणवायू व रक्तदाब केसपेपरवर लिहिला गेलाच पाहिजे असा हुकूम काढावा. आणि राज्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा रुग्णांची एकच सामाईक नोंदवही ठेवून, सहा महिन्यांनी त्यांच्या घरी दूरध्वनी करून, तो माणूस आता चालतो का, बोलतो का, कामावर जातो का, हे विचारून त्यात भरावे. या नोंदवहीला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. एक कारकून, एक दूरध्वनी आणि वर्षानुवर्षे टिकणारी चिकाटी लागते, आणि ती हाती असल्याशिवाय आपल्या जखमींना काय मानवते व काय मानवत नाही याची परीक्षा आपल्याला मांडताच येणार नाही.